घरकुल मागू नका, जागा मागा

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत त्या बचत गटांचं काम करतात. वस्तीतली माणसं दालमिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, बांधकामावर जातात आणि पत्र्याच्या एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्या लिहितात: "गरिबांना परवडतील अशी घरं शहरात व्हावीत, त्याचं काही धोरण ठरावं, असं वाटतं. दोनदा निवेदन दिलं, एकदा धरणं धरलं. साहेब म्हणतात, योजना चालू आहे, अर्ज भरा. आता सुरुवात कुठून करू? आणि शहराबाहेर फ्लॅट देतो म्हणाले तर हो म्हणायचं का?"

ताई, मी धुळ्याचा. वस्त्यांच्या जागेचे कागद, अतिक्रमणाच्या नोटिसा आणि विकास आराखड्याच्या हरकती यांत माझी वीस-बावीस वर्षं गेली. जिंकलो थोडं, हरलो बरंच. ज्या ठिकाणी हरलो तिथे बहुतेक वेळा एकच चूक होती. आम्ही घर मागत होतो, मागायला हवी होती जागा.

हे मला शिकवलं ते पांझराकाठच्या एका म्हातारीने. आम्ही योजनेचे फॉर्म वाटत होतो. तिने फॉर्म उलटापालटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "भाऊ, घर आम्ही बांधी लेसूत. जागाना कागद दे." पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्याचाच अर्थ लावत बसलोय.

तुमच्या जळगावात तर 'घरकुल' हा शब्द तोंडातून काढतानाच विचार करावा लागतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या नगरपालिकेने हुडकोचं, म्हणजे घरांसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं, कर्ज काढून अकरा हजारांवर घरं बांधायचं ठरवलं. त्यातली फार थोडी पुरी झाली. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात अपिलात गेलं. ते कोर्टाचं काम, आपण त्यात पडू नये. पण त्याची सावली दोन ठिकाणी पडली, ती ओळखून ठेवा. एक, हुडकोच्या कर्जाचं ओझं महापालिकेने वर्षानुवर्षं वाहिलं, त्यामुळे 'मोठा प्रकल्प, मोठं कर्ज' म्हटलं की लेखा विभाग हात आखडतो. दुसरी, मोठ्या गृहप्रकल्पाच्या फाइलवर सही करायला अधिकारी कचरतो. 'उद्या चौकशी लागली तर?' हा विचार त्याच्या डोक्यात असतोच, आणि तो चूक आहे असंही मला म्हणवत नाही. म्हणून तुम्ही 'पाच हजार घरं बांधा' असं निवेदन घेऊन गेलात की समोरचा चहा पाजतो, फोटो काढू देतो आणि कागद फाइलला लावतो. 'या सर्व्हे नंबरमधल्या इतक्या कुटुंबांची मोजणी करून त्यांना पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद, द्या' म्हणालात तर त्याला खिशातलं काही काढावं लागत नाही, टेंडर नाही, ठेकेदार नाही. नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

आता 'अर्ज भरा' या उत्तराकडे येऊ. साहेब खोटं बोलत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. कार्यालयात याला बीएलसी म्हणतात, म्हणजे लाभार्थ्याने स्वतः बांधायचं घर. कळीचे शब्द 'स्वतःच्या जागेवर'. उतारा नाही तर अर्ज नाही. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही तोच बाहेर. तुमच्या वस्तीतल्या किती जणांकडे स्वतःच्या नावाचा उतारा आहे, तेवढं मोजून त्यांच्यासमोर ठेवा. योजनेवर टीका करायची वेगळी गरजच उरत नाही.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांचं तरी भागतं का, तेही पाहा. किमान घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं धरा, म्हणजे ३२३ चौरस फूट. बांधकाम १,५०० रुपये फुटाने झालं असं धरलं (गवंड्याला विचारा, तो हसेल) तरी ४ लाख ८४ हजार होतात. अडीच लाख गेले, उरले सव्वादोन लाखांच्या वर. दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी कर्ज घेतलं तर महिन्याला साधारण ३,१०० रुपये हप्ता. पण हमालाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगाराची स्लिप कोण देणार? बँक दारातून परत पाठवते आणि माणूस आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जात शिरतो. त्यात अनुदान टप्प्याटप्प्याने येतं, जोते झालं की फोटो, छत झालं की फोटो. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात काम थांबतं आणि कुटुंब जुनी खोली पाडून भाड्याने राहत असतं. त्या भाड्याचा हिशोब योजनेत कुठेच नाही. ही मागणी लहान आहे, पण महापालिका स्वतःच्या दुर्बल घटकांच्या निधीतून ती पुरी करू शकते: मधल्या काळासाठी घरभाडं, आणि बांधकाम परवानगीचं शुल्क माफ. अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं, तेव्हा हे घेऊन नोव्हेंबरमध्येच जा. मार्चमध्ये गेलात तर फक्त सहानुभूती मिळेल.

मूळ काम जागेचं. वस्ती कोणाच्या जागेवर आहे हे आधी शोधा, कारण प्रत्येक जागेचा रस्ता वेगळा. आम्ही पहिली चार-पाच वर्षं सगळ्यांसाठी एकच निवेदन छापत होतो, आता लाज वाटते.

जागा सरकारी असेल तर नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय वाचा. 'सर्वांसाठी घरे' साठी शहरी भागातल्या सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं अटींवर नियमानुकूल करण्याची वाट त्यात आहे. पुरावा म्हणजे त्या तारखेच्या आधीची घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदारयादीतलं नाव. खोलीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत ते असतं. उंदरांनी खाण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, हे मी थट्टेने सांगत नाही. जागा खासगी मालकाने गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली असेल, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेली असेल, तर २००१ चा गुंठेवारी कायदा पाहा. असे तुकडे त्यात नियमित करून मिळतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. जळगाव-धुळ्याच्या कडेच्या कितीतरी कॉलन्या अशाच उभ्या राहिल्या आहेत. तिथली माणसं स्वतःला झोपडपट्टीवाले म्हणवून घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, त्यांनी पैसे मोजून जागा घेतली आहे. मात्र नियमितीकरणाचं शुल्क एकरकमी मागितलं जातं, तिथे गाडी अडते. हप्त्यांची मागणी करा. रेल्वेची जागा असेल, भुसावळला हा प्रश्न फार, तर महापालिका-नगरपालिकेच्या हातात काही नाही. तिथे पर्यायी जागेचाच आग्रह धरावा लागतो.

आणि नदीकाठ. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पुराचं पाणी नेहमी येतं त्या पट्ट्यात, जागेचा पट्टा मिळत नाही आणि मिळूही नये असं माझं मत आहे. हे वस्तीत उभं राहून बोलायला जड जातं. पांझरेचा पूर मी पाहिलाय. तिथल्या लोकांना 'तुम्हालाही इथेच मिळेल' असं सांगून मोर्चात आणणारे नंतर दिसत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती. शहराचं घरांचं धोरण म्हणून जे काही असतं ते योजनेच्या कचेरीत ठरत नाही, नगररचना विभागात ठरतं. विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली साधारण वीस वर्षांनी तो नव्याने होतो. गरिबांच्या घरांसाठी कुठे आरक्षण, कुठे रस्ता, कुठली शेती पिवळी, म्हणजे राहण्यासाठीची, होणार, हे सगळं त्या नकाशात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. वीस वर्षांतले तीस दिवस!

आमच्या भागातल्या एका शहरात हे तीस दिवस कसे गेले ते सांगतो. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात आली होती. आम्हाला कळलं तेव्हा अकरा दिवस संपले होते. घाईघाईत एक मजकूर लिहिला, झेरॉक्स काढल्या, चारशेच्या आसपास सह्या-अंगठे घेतले आणि गठ्ठा टपालात दिला. छाती फुगली होती. सुनावणीला आम्हा सगळ्यांना मिळून एकच वेळ दिली आणि समितीतल्या एकांनी विचारलं, "मजकूर एकच आहे ना? मग एकाने बोला." मी बोललो. दहा मिनिटांत आटोपलं. त्याच दिवशी एका ले-आउटवाल्याची एकच हरकत होती. त्याच्यासोबत आर्किटेक्ट होता, मोजणीचा नकाशा होता, गट नंबर होता, 'हा रस्ता बारा मीटर पूर्वेला सरकवा' एवढं एक वाक्य होतं. त्याला अर्धा तास मिळाला आणि रस्ता सरकला. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगतो. त्याने त्यांच्या भाषेत बोलायची तयारी केली होती, आम्ही आमच्या भाषेत ओरडलो होतो.

तेव्हापासून पद्धत बदलली. प्रत्येक कुटुंबाची हरकत वेगळी. त्यात सर्व्हे नंबर, किती वर्षं राहतो, कामाची जागा किती लांब, मुलं कुठल्या शाळेत. आणि शेवटी नेमकी मागणी: अमुक आरक्षण कायम ठेवा, किंवा अमुक जागेवरचं बगिच्याचं आरक्षण शेजारच्या मोकळ्या सर्व्हे नंबरात हलवा, कारण इथे दीडशे घरं आधीच आहेत. निवृत्त झालेला नगररचनेचा ड्राफ्ट्समन शोधा. प्रत्येक शहरात एखादा असतो, दुपारी घरीच असतो, आणि कोणी विचारायला येत नाही म्हणून खंतावलेला असतो. आमच्याकडच्या अशाच एका भाऊंनी पेन्सिलने जे नकाशे काढून दिले त्यांनी आमच्या सगळ्या मोर्च्यांपेक्षा जास्त काम केलं.

आराखडा नुकताच होऊन गेला असेल तर? मग आरक्षणांवर पहारा ठेवायचा. कलम १२७ लक्षात ठेवा. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. कोणी ठराव करत नाही, कोणी काही रद्द करत नाही. नोटीस टेबलावर पडून राहते आणि तारीख उलटते. गरिबांच्या घरांची जागा अशीच आवाज न होता जाते. म्हणून माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: गरिबांच्या घरांसाठी किती आरक्षणं आहेत, त्यातली किती ताब्यात आहेत, आणि कलम १२७ च्या किती नोटिसा कोणत्या तारखेला आल्या. अर्जाला दहा रुपये. प्रती मागण्यापेक्षा फाइल पाहायला मागा, म्हणजे तिच्यावरच्या टिपण्या दिसतात. कोणाच्या टेबलावर ती किती महिने बसली ते कळतं. त्या टेबलाच्या माणसाशी भांडू नका. तोच पुढे तारीख जवळ आल्याचं सांगणार आहे.

एक मागणी मात्र मुंबईपर्यंत न्यावी लागेल. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, २०२० ची ती, चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पात वीस टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवायची तरतूद आहे. वाचून आनंद होतो. मग अट दिसते: दहा लाख लोकसंख्येची शहरं. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचार लाख, भुसावळ दोन लाखांच्याही आत, नंदुरबार लाखाच्या जरा वर. आख्ख्या खानदेशात एकही शहर त्यात बसत नाही. दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या, कर महापालिकेचे भरतो, आणि ही तरतूद मात्र आम्हाला नाही! लोकसंख्येची अट काढून सगळ्या महापालिकांना ती लागू करा, असा महासभेचा ठराव शासनाकडे जाऊ शकतो. नगरसेवकाला हा ठराव मांडणं सोपं असतं, कारण त्यात त्याच्या वॉर्डातलं कोणी दुखावत नाही. बांधकाम करणारे दुखावतील. त्यांच्याशी आधीच बोला. आपल्याकडे जमीन मुंबई-पुण्याएवढी महाग नाही, तेव्हा फ्लॅटऐवजी ले-आउटमध्ये लहान प्लॉट द्यायला त्यांची फारशी हरकत नसते, असा माझा अनुभव आहे. मात्र कागदावरचे वीस टक्के जमिनीवर उतरतातच असं नाही. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे गेलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत वाद गेला. चार हजारांच्या आत बसावेत असे जमिनीचे तुकडे पाडायची युक्ती तर सगळ्यांनाच ठाऊक. ठरावातच लिहून घ्या की एका मालकाचे लगतचे तुकडे एकत्र मोजले जातील.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं. 'माझे घर, माझा अधिकार' असं त्याचं घोषवाक्य. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. आकडा मोठा आहे, मी आकड्यांवर फार जात नाही. त्यात औद्योगिक वसाहतींतल्या जागेचा काही हिस्सा कामगारांच्या घरांसाठी वापरण्याचा विचार आहे, तो तुमच्या कामाचा. तुमची वस्ती एमआयडीसीलाच लागून आहे. दालमिलवाल्यांच्या संघटनेकडे जा. त्यांना माणूस पहाटे मिलवर हवा असतो, आठ किलोमीटरवरून येणारा नको असतो. उद्योजकाने त्याच्या लेटरहेडवर दिलेलं पत्र कलेक्टर कचेरीत आपल्या पत्रापेक्षा लवकर वाचलं जातं. वाईट वाटून घेऊ नका, वापरा.

निवेदनाबद्दल थोडक्यात. एका पानाचं. एकच मागणी. वर सर्व्हे नंबर आणि आधीच्या पत्राचा आवक क्रमांक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे विहित नमुन्यात दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. धरणं शेवटी ठेवा. आधीच करून बसलात, हरकत नाही, निदान चेहरे ओळखीचे झाले.

शेजारच्या कॉलनीवाल्यांचा विरोध येईलच. 'भाव पडतील' म्हणतील. त्यांच्या घरात भांडी घासायला येणारी ताई कुठे राहते, हे त्यांनाच विचारा, पण चारचौघांत नको, एकेकट्याला. सभेत कोणीच माघार घेत नाही.

राहिला शहराबाहेरचा फ्लॅट. सरसकट नाही म्हणू नका, सरसकट हो तर मुळीच नको. आधी जाऊन पाहा, आणि मे महिन्यात पाहा. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबखाली रात्री दोन वाजता बसून दाखवा म्हणावं. जमिनीवरचा माणूस अंगणात खाट टाकून झोपतो, तिथे अंगणच नाही. रिक्षाचं गणित मांडा: कमावती दोन माणसं, जाण्या-येण्याचे माणशी चाळीस रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस, झाले २,०८०. 'फुकट' घराचं हे भाडं. पाणी टाकीपर्यंत चढतं का, लिफ्टचं बिल कोण भरणार, आणि शाळा किती लांब, तेही लिहून घ्या.

एका ठिकाणी लोकांनी किल्ल्या घेतल्या, पूजा केली, आणि सहा महिन्यांत निम्मी कुटुंबं जुन्या जागेच्या आसपास भाड्याने परतली. फ्लॅट दुसऱ्याच कोणाकडे. अधिकारी म्हणाले, "बघा, यांना घरं दिली तरी विकतात." मी चौकशी करत फिरलो. एक केळीवाला भेटला. त्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि हातगाडी खाली. पहिल्याच आठवड्यात रात्रीत गाडीची चाकं गेली. दुसऱ्या आठवड्यापासून तो गाडीजवळ खालीच झोपू लागला. बायको म्हणाली, मग वर राहायचं कोणासाठी?

फ्लॅटला हो म्हणायचं असेल तर हातगाडीवाल्यांना तळमजला, हे पहिल्या पत्रातच लिहा. आणि पत्र द्यायच्या आधी तुमच्या वस्तीचा सर्व्हे नंबर काढा. तलाठ्याकडे नाही मिळाला तर सिटी सर्व्हेच्या कार्यालयात मिळेल. तो मिळाला की मला कळवा, मग सरकारी की खासगी, त्याप्रमाणे पुढचं बोलू.